सूर्यासारख्या ताऱ्याची चुंबकीय सक्रियता दोलनांतून मोजताना: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

केप्लर अवकाश दुर्बिणीची माहिती सगळ्यांना फुकट खुली आहे आणि पायथॉनची साधनंही तयार मिळतात. त्यामुळे एमएस्सीच्या प्रकल्पासाठी हा विषय हौसेने घेतला जातो. पण काम बहुतेक वेळा एकाच पद्धतीने फसतं. लाइट कर्व्ह, म्हणजे ताऱ्याच्या तेजाची वेळेनुसार नोंद, उतरवून घेतली जाते. तिचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात दोलनांची, म्हणजे ताऱ्यातल्या ध्वनिलहरींमुळे होणाऱ्या कंपनांची, वारंवारता मोजली जाते, आलेख जरा वरखाली होतो आणि ‘ताऱ्याचं चुंबकीय चक्र सापडलं’ असा निष्कर्ष लिहिला जातो.

सूर्याचे आकडे पाहिले की यातला धोका कळतो. ११ वर्षांच्या चक्रात, सक्रियता किमान असल्यापासून कमाल होईपर्यंत, ३००० मायक्रोहर्ट्झच्या आसपासच्या मोडची, म्हणजे ठरावीक वारंवारतेच्या एकेका कंपनाची, वारंवारता साधारण ०.४ मायक्रोहर्ट्झने वाढते. म्हणजे सात-आठ हजारांत एक भाग. इतकाच बदल वेळेच्या नोंदीतल्या चुकीमुळे होऊ शकतो, एखादा कमकुवत मोड सरासरीतून गळाल्यामुळे होऊ शकतो, साथीदार ताऱ्यामुळेही होऊ शकतो. यातलं काहीच चुंबकीय नाही. म्हणून इथे कोणती पायरी आधी आणि कोणती नंतर, यावर निकालाचा खरेखोटेपणा ठरतो. पुढचा क्रम मोडू नका.

सगळीकडे एकच उदाहरण घेतो: केआयसी ८००६१६१ (केप्लरच्या ताऱ्यांच्या यादीतला क्रमांक), म्हणजेच एचडी १७३७०१. सूर्यापेक्षा थोडा थंड तारा, जड मूलद्रव्यं सूर्याच्या जवळजवळ दुप्पट, परिवलनकाळ सुमारे २१ दिवस. त्याच्या वर्णगोलातल्या, म्हणजे पृष्ठभागावरच्या थरातल्या, कॅल्शियम रेषांच्या जुन्या नोंदींतून ७.४ वर्षांचं चक्र दिसलेलं आहे आणि केप्लरच्या काळात त्याची सक्रियता वाढत होती. उत्तर आधीच माहीत असल्यामुळे सरावाला हा तारा उत्तम.

### सुरुवातीआधी: नेमकं काय शोधायचं आहे

चुंबकीय सक्रियता वाढली की सूर्यात तीन गोष्टी एकदम होतात. मोडची वारंवारता वाढते. पॉवर स्पेक्ट्रममधल्या, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती शक्ती आहे त्या आलेखातल्या, शिखरांची रुंदी वाढते, कारण दोलनं लवकर विरतात. किमान ते कमाल हा फरक साधारण पाव पट आहे. आणि दोलनांची शक्ती कमी होते, सुमारे पंचमांशाने.

चौथी खूण सगळ्यांत उपयोगी, आणि तिच्याकडेच सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. वारंवारतेतला हा बदल, म्हणजे शिफ्ट, सगळ्या मोडमध्ये सारखा नसतो. सूर्यात १८०० मायक्रोहर्ट्झच्या खालचे मोड जवळपास हलत नाहीत आणि वर जाल तसा शिफ्ट झपाट्याने वाढतो. कारण बदल होतो तो पृष्ठभागालगतच्या पातळ थरात, आणि उच्च वारंवारतेच्या मोडनाच त्या थराचा जास्त परिणाम जाणवतो. हा चढ कागदावर लिहून समोर ठेवा, टप्पा ९ मध्ये खऱ्या-खोट्याचा निवाडा त्यावरच होणार आहे.

### टप्पा १: तारा निवडा

पहिली अट केडन्सची, म्हणजे लागोपाठच्या दोन नोंदींमधल्या अंतराची. केप्लरची लाँग केडन्स २९.४ मिनिटांची, तिची नायक्विस्ट मर्यादा, म्हणजे तिच्यातून मोजता येणारी सर्वाधिक वारंवारता, सुमारे २८३ मायक्रोहर्ट्झ. सूर्यासारख्या ताऱ्याची दोलनं त्याच्या दहापट वर असतात, म्हणून शॉर्ट केडन्सच हवी, ती ५८.८५ सेकंदांची आणि तिची मर्यादा सुमारे ८५०० मायक्रोहर्ट्झ. तारा चार वर्षं केप्लरच्या यादीत होता म्हणजे त्याच्या शॉर्ट केडन्स नोंदीही चार वर्षांच्या असतील असं धरून चालू नका. मास्ट या ऑनलाइन संग्रहात केप्लरच्या नोंदी तिमाहीवार ठेवलेल्या आहेत, प्रत्येक तिमाही उघडून बघा.

दुसरी अट शिखरांच्या रुंदीची. एफ वर्गाचे गरम तारे मोहात पाडतात, कारण त्यांचं परिवलन जलद आणि चक्रं छोटी असण्याची शक्यता जास्त. पण त्यांची शिखरं इतकी रुंद असतात की ० आणि २ अंशाचे मोड एकमेकांत मिसळतात (अंश म्हणजे पृष्ठभागावर कंपनाचा आकार दुभागणाऱ्या रेषांची संख्या). कोरो दुर्बिणीने पाहिलेल्या एचडी ४९९३३ या ताऱ्यात कोणती रांग ० अंशाची आणि कोणती १ अंशाची, हे पहिल्या विश्लेषणात उलटं ठरलं होतं आणि जास्त काळाची माहिती आल्यावर बदलावं लागलं. दोलनांतून चुंबकीय बदल २०१० मध्ये ज्या ताऱ्यात दाखवला गेला तो हाच. पहिल्या प्रकल्पासाठी मात्र असा तारा घेऊ नका. जी किंवा के वर्गाचा, स्पष्ट शिखरांचा तारा घ्या.

सावधान: फार सक्रिय ताऱ्यात दोलनंच दबतात. ‘सगळ्यांत डागाळलेला तारा निवडतो, म्हणजे शिफ्ट मोठा मिळेल’ हा हिशेब उलटा पडतो. तिथे मोजायला शिखरच उरत नाही.

### टप्पा २: एकाच ताऱ्याच्या दोन लाइट कर्व्ह तयार करा

दोलनं मिनिटांत होतात, डागांमुळे होणारा तेजातला चढउतार दिवसांत आणि आठवड्यांत होतो. एकाच फिल्टरमधून दोन्ही नीट बाहेर पडत नाहीत, म्हणून सुरुवातीपासून दोन फाइल वेगळ्या ठेवा.

पहिली फाइल दोलनांसाठी. शॉर्ट केडन्स घ्या, प्रत्येक तिमाहीचं तेज तिच्या मध्यकाने भागून घ्या आणि साधारण एका दिवसाच्या सरकत्या मध्यकाने संथ बदल काढा. पायथॉनच्या लाइटकर्व्ह पॅकेजमधल्या फ्लॅटन या संथ बदल काढणाऱ्या आज्ञेची डिफॉल्ट खिडकी १०१ बिंदूंची आहे. शॉर्ट केडन्समध्ये ती जेमतेम पावणेदोन तासांची होते. दोलनं वाचतात, पण ग्रॅन्युलेशनची, म्हणजे पृष्ठभागावरच्या संवहनाच्या बुडबुड्यांची, पार्श्वभूमी कापली जाते आणि टप्पा ४ मधला पार्श्वभूमीचा फिट वाकडा होतो. खिडकी स्वतः ठरवून द्या.

दुसरी फाइल डागांसाठी. इथे केप्लरची नेहमीची दुरुस्त केलेली लाइट कर्व्ह चालत नाही, कारण त्या दुरुस्तीत २० दिवसांहून लांब बदल बरेचसे पुसले जातात. आपल्या ताऱ्याचं परिवलन २१ दिवसांचं, म्हणजे नेमकं हवं तेच जाणार. मास्टवर केप्साइस्मिक नावाचा संच आहे, त्यात २०, ५५ आणि ८० दिवसांच्या फिल्टरने तयार केलेल्या लाइट कर्व्ह मिळतात. ५५ किंवा ८० दिवसांची घ्या.

दुसरी फाइल तयार झाली की बाजूला ठेवा. तिचा आलेख आत्ता काढू नका. सक्रियता कधी वाढली हे एकदा डोळ्यांना दिसलं, की नंतरचा प्रत्येक छोटा निर्णय, कोणता तुकडा टाकायचा आणि कोणता मोड ठेवायचा, नकळत त्या बाजूला झुकतो.

### टप्पा ३: वेळेच्या नोंदी तपासा

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक इथेच होते.

केप्लर सूर्याभोवती फिरते. ताऱ्याकडे येता-जाता डॉप्लर परिणामाने मोडची वारंवारता बदलते, आणि हा बदल वारंवारता गुणिले वेग भागिले प्रकाशवेग इतका असतो. ३० किलोमीटर प्रतिसेकंद वेग आणि ३००० मायक्रोहर्ट्झ धरले तर उत्तर येतं ०.३ मायक्रोहर्ट्झ. केप्लरचं क्षेत्र क्रांतिवृत्तापासून बरंच वर असल्यामुळे तिथे हा परिणाम निम्म्याहून कमी होतो, पण ३५७५ मायक्रोहर्ट्झला तरीही अधिक-उणे ०.१५ उरतो, वर-खाली मिळून ०.३. शोधायचा चुंबकीय शिफ्टही साधारण एवढाच.

फाइलमधल्या वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर आणलेल्या असतात, त्यामुळे हा परिणाम आधीच काढलेला असतो. पण जलद फूरिए रूपांतराला समान अंतराचे बिंदू लागतात, म्हणून अनेक जण वेळेचा स्तंभ टाकून देतात आणि ‘बिंदूचा क्रमांक गुणिले ५८.८५ सेकंद’ अशी नवी वेळ बनवतात. यानाच्या घड्याळात बिंदू समान अंतरावर असतात, गुरुत्वमध्याच्या वेळेत नसतात. क्रमांक वापरला की काढलेला डॉप्लर परिणाम परत येऊन बसतो, आणि ३७२ दिवसांचं सुंदर ‘चक्र’ दिसतं. केप्लरचं वर्षही ३७२ दिवसांचंच आहे.

म्हणून मूळ वेळा तशाच ठेवून लॉम्ब-स्कार्गल पद्धतीने स्पेक्ट्रम काढा, तिला समान अंतराचे बिंदू लागत नाहीत.

तपासा: सलग वेळांमधला फरक आलेखावर मांडा. तो ५८.८५ सेकंदांभोवती वर्षभरात अगदी किंचित झुलताना दिसला पाहिजे. सरळ रेघ दिसली, तर वेळ कुठेतरी बदलली गेली आहे.

### टप्पा ४: आधी पूर्ण काळाचा फिट

तुकड्यांकडे जायची घाई करू नका. सगळी माहिती एकत्र घेऊन एकच स्पेक्ट्रम काढा. संदर्भ मॉडेल त्यावरून ठरवायचं आहे.

पार्श्वभूमीसाठी हार्वे पद्धतीची (वारंवारता वाढेल तशी उतरत जाणारी) एक-दोन पदं आणि सपाट नॉइज पुरतो. मग एशेल आकृती काढा. केआयसी ८००६१६१ साठी मोठं अंतर, म्हणजे एकाच अंशाच्या लागोपाठच्या दोन मोडमधलं अंतर, सुमारे १४९ मायक्रोहर्ट्झ आहे, त्या रुंदीने स्पेक्ट्रम कापून एकाखाली एक लावा. ० आणि २ अंशाच्या रांगा जोडीने आणि १ अंशाची त्यांच्यापासून जवळपास अर्ध्या अंतरावर दिसली, की मोडची ओळख पटली.

आता फिट. पॉवर स्पेक्ट्रममधला प्रत्येक बिंदू खऱ्या मूल्याभोवती घातांकी पद्धतीने विखुरलेला असतो, घंटेच्या आकारात नाही. म्हणून लघुतम वर्ग पद्धत इथे चुकीची आहे. ती एकट्या उंच बिंदूच्या मागे धावते. प्रत्येक बिंदूसाठी मॉडेलचा लॉगरिदम अधिक माहिती भागिले मॉडेल, याची बेरीज कमीत कमी करा. एवढ्या एका बदलाने निम्म्या अडचणी सुटतात.

या फिटमधून चार गोष्टी पक्क्या करून ठेवा: प्रत्येक मोडची सरासरी वारंवारता, वारंवारतेनुसार बदलणारी रुंदी, परिवलनामुळे मोडची होणारी विभागणी (एका शिखराची जवळजवळची अनेक शिखरं होणं) आणि ताऱ्याच्या अक्षाचा कल.

सावधान: शॉर्ट केडन्समध्ये लाँग केडन्सच्या पटींवर खोटी, सुईसारखी शिखरं येतात: ५६६.४ मायक्रोहर्ट्झ आणि त्याच्या पटी. सहावी पट ३३९८ वर, सातवी ३९६५ वर. आपल्या ताऱ्याच्या दोलनांचा मध्य ३५७५ च्या आसपास असल्यामुळे दोन्ही थेट कामाच्या पट्ट्यात येतात. खरं शिखर साधारण एक मायक्रोहर्ट्झ रुंद असतं, हे त्याहून कितीतरी अरुंद. जागा लिहून ठेवा आणि फिटमधून तेवढे बिंदू वगळा.

### टप्पा ५: तुकडे पाडा

लांब तुकडा घेतला तर अचूकता वाढते, पण काळातला बदल बुजतो. छोटा घेतला तर उलट. ९० दिवसांचे तुकडे, प्रत्येक पुढचा ४५ दिवसांनी सुरू होणारा, ही रूढ निवड आहे आणि तिच्यामागे हिशेब आहे.

९० दिवसांत स्पेक्ट्रमची विभेदन क्षमता ०.१३ मायक्रोहर्ट्झ मिळते. एक मायक्रोहर्ट्झ रुंदीच्या शिखराचं स्थान सांगण्यातली अनिश्चितता, नॉइज अगदी नसेल तर ०.१, आणि नॉइज शिखराच्या निम्मा असेल तर ०.३ मायक्रोहर्ट्झ येते. म्हणजे एका मोडवरून काहीच सिद्ध होणार नाही. पण ० आणि १ अंशाचे मिळून दहा मोड घेतले तर अनिश्चितता ०.१ पर्यंत उतरते. ०.३ चा बदल मग अनिश्चिततेच्या तीन पट होतो, आणि बोलता येतं. ३० दिवसांचे तुकडे घेऊन ‘जास्त बिंदू मिळाले’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब स्वतःच्या ताऱ्यासाठी करून बघावा.

प्रत्येक तुकड्यात प्रत्यक्ष नोंदी किती टक्के आहेत तेही लिहा. केप्लरच्या कॅमेऱ्यातलं तिसरं मोड्यूल जानेवारी २०१० मध्ये बंद पडलं. यान दर तिमाहीला पाव वळसा घेत असल्यामुळे जे तारे त्या मोड्यूलवर येत, त्यांची वर्षातली एक तिमाही कोरी आहे. वर्षाच्या अंतराने येणारी पोकळी आणि वर्षाच्या अंतराने दिसणारा शिफ्ट सोबत दिसले, तर आधी पोकळीवर संशय घ्या.

सावधान: एकमेकांवर अर्धे चढलेले तुकडे स्वतंत्र नसतात. चार वर्षांत ३१-३२ बिंदू दिसतील, स्वतंत्र मात्र जेमतेम १६. पुढच्या प्रत्येक सांख्यिकी चाचणीत १६ धरा.

### टप्पा ६: आधी सूर्यावर चालवून बघा

ताऱ्याच्या तुकड्यांना हात लावण्याआधी तुमचा संपूर्ण प्रोग्राम सूर्याच्या माहितीवर चालवा. सोहो यानावरच्या विर्गो उपकरणाने सूर्याचं एकत्रित तेज दर मिनिटाला मोजलेलं आहे, अगदी आपण ताऱ्याचं मोजतो तसंच. आपल्याकडे उदयपूरला फतेहसागर तलावातल्या सौर वेधशाळेत गाँग या सूर्याची दोलनं नोंदणाऱ्या जागतिक जाळ्याचं केंद्र आहे, पण गाँगची माहिती सूर्याच्या चकतीच्या चित्रांची असते. या सरावाला एकत्रित प्रकाशच हवा.

१९९६ चा शांत काळ ते २००० चा सक्रिय काळ घ्या, त्याचे ९०-४५ चे तुकडे करा आणि केप्लरइतका नॉइज स्वतः मिसळा. हे शेवटचं केलं नाही तर चाचणी फार सोपी होते. १९९८ च्या उन्हाळ्यात सोहोचा संपर्क तुटला होता, ती मोठी पोकळी माहितीत दिसेल. तिच्यामुळे गोंधळून जाऊ नका.

तपासा: काही वर्षांत चढत जाणारा, ०.४ मायक्रोहर्ट्झच्या घरातला शिफ्ट मिळतो का? नसेल मिळत, तर तुमच्या ताऱ्याच्या निकालावर विश्वास ठेवायला काही कारण नाही. इथेच थांबून चूक शोधा.

### टप्पा ७: तुकड्यांचा फिट

आता ताऱ्याचे तुकडे. इथे बहुतेकांचा हात सैल सुटतो: प्रत्येक तुकड्यात सगळं मोकळं सोडून पुन्हा फिट केलं जातं. ९० दिवसांच्या माहितीत तेवढा दम नसतो. विभागणी मोकळी सोडली की १ अंशाच्या मोडमधला गोंगाट विभागणीत मुरतो आणि शिफ्ट कमी-जास्त होतो. कल मोकळा सोडला तर तो प्रत्येक तुकड्यात वेगळाच येतो, आणि ताऱ्याचा अक्ष तीन महिन्यांत डोलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून:

१. विभागणी आणि कल टप्पा ४ मधल्या मूल्यांवर बांधून टाका.

२. रुंदीसाठी प्रत्येक मोडला वेगळा अंक देऊ नका. पूर्ण काळाची रुंदीची रेघ तशीच ठेवा आणि अख्ख्या तुकड्याला एकच गुणक मोकळा सोडा. उंचीसाठीही तसंच.

३. ० आणि १ अंशाच्या मोडची वारंवारता प्रत्येकी मोकळी सोडा, पण संदर्भ मूल्याच्या दोन्ही बाजूंना एखाद-दोन मायक्रोहर्ट्झच्या आत.

४. २ अंशाचा मोड मॉडेलमध्ये ठेवा, सरासरीत घेऊ नका. तो काढून टाकलात तर शेजारचा ० अंशाचा मोड त्याच्याकडे ओढला जाईल.

५. पार्श्वभूमी प्रत्येक तुकड्यात नव्याने मोजा.

उंची आणि रुंदी एकमेकांशी बांधलेल्या असतात: एक चुकून जास्त आली की दुसरी कमी येते. त्यामुळे ‘उंची घटली’ असं सुटं विधान करू नका. दोन्हींचा गुणाकार, म्हणजे मोडची शक्ती, जास्त भरवशाची असते.

याच तुकड्यांवर दुसरी पद्धतही चालवा: प्रत्येक तुकड्याच्या स्पेक्ट्रमचा दोलनांचा पट्टा संदर्भ स्पेक्ट्रमवर सरकवत नेऊन कुठे सर्वांत चांगला जुळतो ते बघा. ही पद्धत मोडची ओळख विचारत नाही, म्हणून ओळखीतली चूक तिच्यात शिरत नाही. दोन्ही पद्धतींचे निकाल अनिश्चिततेच्या आत जुळले पाहिजेत.

### टप्पा ८: सरासरी शिफ्ट काढा

प्रत्येक तुकड्यात प्रत्येक मोडची वारंवारता वजा त्याची संदर्भ वारंवारता, आणि अनिश्चिततेनुसार वजन देऊन या फरकांची सरासरी. करायला सोपं, तरी एक सापळा आहे.

सक्रियता वाढली की शक्ती घटते, म्हणजे त्याच तुकड्यांत कडेची कमकुवत शिखरं फिटमधून गळतात. आणि शिफ्ट वारंवारतेनुसार बदलतो. मग जास्त हलणारे वरचे मोड नेमके सक्रिय काळात सरासरीतून बाहेर जातात आणि शिफ्ट आहे त्याहून लहान दिसतो. खालचे मोड गळाले तर तो मोठा दिसतो. उपाय एकच: सगळ्या तुकड्यांत नीट फिट होणारे मोडच घ्या, यादी एकदा ठरवा आणि मग बदलू नका. दोन मोड कमी झाले तरी चालेल.

यादी ठरली, सरासरी निघाली, की निकालाची फाइल तारीख घालून गोठवा. यापुढे वारंवारतेच्या आकड्यांना हात लावायचा नाही.

### टप्पा ९: खोटा शिफ्ट ओळखा

शिफ्ट मिळाला असेल तर आता त्याला पाडायचा प्रयत्न करा. पुढच्या चाचण्या याच क्रमाने.

वारंवारतेनुसार चढ आहे का? मोडचे दोन गट करा, खालचे आणि वरचे, आणि दोघांचा शिफ्ट वेगळा काढा. डॉप्लर किंवा घड्याळाची चूक असेल तर शिफ्ट वारंवारतेच्या सरळ प्रमाणात असतो: ३००० ला ०.३० तर ४००० ला ०.४०. सूर्यासारखा चुंबकीय शिफ्ट याहून खूप जास्त चढतो. दोन्ही गट जवळपास सारखेच हलत असतील, तर टप्पा ३ कडे परत जा.

साथीदार तारा आहे का? ताऱ्याचा दृष्टिरेषेतला वेग १० किलोमीटर प्रतिसेकंदाने बदलला तर ३००० मायक्रोहर्ट्झला ०.१ मायक्रोहर्ट्झचा शिफ्ट येतो. त्रिज्य वेगाच्या उपलब्ध नोंदी बघून घ्या.

काळ ३७२ दिवस किंवा ९३ दिवसांजवळ आहे का? पहिला यानाचं वर्ष, दुसरा तिमाही. शक्तीतला बदल तिमाहीबरोबर पायऱ्या घेत असेल तर तो छिद्राचा, म्हणजे मोजणीत घेतलेल्या पिक्सेलचा दोष आहे. शेजारच्या ताऱ्याचा प्रकाश कधी कमी, कधी जास्त मिसळतो.

नुसत्या योगायोगाने असं होतं का? दोलनं संवहनाच्या यादृच्छिक धक्क्यांनी उठतात, त्यामुळे अगदी शांत ताऱ्याचे तुकडेही एकमेकांपासून थोडे वेगळे येतात. म्हणून वारंवारता अजिबात न बदलणारा कृत्रिम तारा बनवा. त्याला तुमच्या ताऱ्याच्या रुंद्या, उंच्या, नॉइज आणि पोकळ्या हुबेहूब द्या. असे काही शे नमुने अख्ख्या प्रोग्राममधून काढा आणि तुमच्याइतका शिफ्ट कितींमध्ये निघतो ते मोजा. शेकडा पाचाहून जास्त वेळा निघाला, तर तुमच्या हाती शोध नाही. ही पायरी संगणकाचा वेळ खाते म्हणून टाळली जाते. ती टाळून केलेलं काम मी अपुरं समजतो.

### टप्पा १०: आता डागांची फाइल उघडा

टप्पा २ मध्ये बाजूला ठेवलेली लाइट कर्व्ह घ्या. परिवलनकाळाच्या पाच पट लांबीच्या खिडक्या करा, आपल्या ताऱ्यासाठी साधारण १०५ दिवस. प्रत्येक खिडकीतलं प्रमाण विचलन काढा आणि त्यातून फोटॉन नॉइजचा भाग वजा करा. हा प्रकाशीय सक्रियतेचा निर्देशांक. ३९३.४ आणि ३९६.८ नॅनोमीटरच्या कॅल्शियम रेषांची मोजमापं उपलब्ध असतील तर ती याहून चांगली साक्ष देतात.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. हा निर्देशांक कमी आला म्हणजे तारा शांत आहे असं नाही. अक्ष आपल्याकडे वळलेला असेल तर डाग फिरून दिसेनासे होत नाहीत आणि तेज फारसं बदलत नाही. दुसरं, चार वर्षांत हळूहळू चढणाऱ्या कुठल्याही दोन मालिकांचा सहसंबंध मोठाच येतो. आकड्यावर खूश होण्याआधी दोन्हींतला सरळ चढ वजा करून पाहा, आणि चाचणीत १६ स्वतंत्र बिंदूच धरा. तिसरं, वारंवारता आणि शक्ती परस्परविरुद्ध हलतात की नाही, ही तपासणी डागांवर अवलंबून नाही. माझा भर तिच्यावर जास्त असतो.

केआयसी ८००६१६१ मध्ये केप्लरच्या काळात वारंवारता चढताना दिसली पाहिजे आणि सक्रियतेच्या खुणाही तिच्याबरोबर वाढताना. दिसत नसतील तर माहितीला दोष देऊ नका, टप्पे उलटे चालत जा.

काम इथवर नीट झालं असेल तर आणखी एक दार उघडतं. १ आणि २ अंशाच्या मोडचे विभागलेले घटक ताऱ्याचे वेगवेगळे अक्षांश ‘बघतात’. विषुववृत्ताजवळची सक्रियता काही घटकांना जास्त हलवते, वरच्या अक्षांशांवरची दुसऱ्यांना. याच आधारावर, याच ताऱ्याचे सक्रिय पट्टे सूर्यापेक्षा वरच्या अक्षांशांवर आहेत असं दाखवलं गेलं आहे. पण हे ९० दिवसांच्या तुकड्यांचं काम नाही. त्यासाठी पूर्ण काळाचा स्पेक्ट्रम आणि कलाचं पक्कं मूल्य लागतं.

### टप्पा ११: निकाल लिहिताना

चार वर्षांच्या माहितीत सात वर्षांचं चक्र मावत नाही. तुम्हाला चढ दिसला असेल तर ‘चढ’ लिहा. ‘चक्र’ हा शब्द किमान दीड-दोन पूर्ण फेऱ्या दिसल्यावर वापरा.

तक्त्यात तुकड्याची मधली तारीख, नोंदींचं टक्केवारीत प्रमाण, सरासरी शिफ्ट, त्याची अनिश्चितता, शक्तीचा गुणक आणि रुंदीचा गुणक द्या. वापरलेल्या मोडची यादी द्या. दोन्ही पद्धतींचे निकाल शेजारी ठेवा, एकाच पद्धतीचा चांगला दिसणारा आलेख निवडू नका. वगळलेले तुकडे कोणते आणि का, हेही लिहा.

आणि शिफ्ट मिळाला नाही तर निकाल गुंडाळून ठेवू नका. कृत्रिम ताऱ्यात मुद्दाम ०.१, ०.२, ०.३ असा शिफ्ट घालून बघा आणि तुमच्या पद्धतीला दर वीस नमुन्यांपैकी एकोणीसमध्ये पकडता येईल असा सर्वांत लहान आकडा शोधा. ‘या चार वर्षांत, ३५७५ मायक्रोहर्ट्झच्या आसपास, अमुक इतक्यापेक्षा मोठा बदल झालेला नाही’ असं त्या आकड्यासह लिहा. पुढे त्याच ताऱ्याची नवी माहिती घेऊन बसणाऱ्याला तुलनेसाठी हीच मर्यादा लागेल.